लॅबकाका आणि रिकामं स्टेडियम

वादात हरल्यावर स्वतःची खुर्ची स्वतः उचलून जिंकणाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खुर्चीही साधीसुधी नव्हे. नॉटिंगहॅममधल्या आमच्या भाड्याच्या कम्युनिटी हॉलमधल्या त्या लोखंडी खुर्च्या बहुधा जुनी जहाजं मोडून बनवल्या असाव्यात. एक उचलायला दोन माणसं लागायची आणि खाली ठेवल्यावर एक कप चहा. पंचाहत्तरीचे लॅबकाका ती एकटे उचलत, वाटेत कुणाच्या पायाला लागू न देता पलीकडे नेत, तिच्यावर बसत आणि म्हणत, "पटलं. चहा घ्या आता." आम्ही बाकीचे हरलो की आम्हाला नेमकी तेव्हाच कंबरदुखी आठवायची.

रविवारी सकाळी वंदना, मग ग्रंथवाचन, मग जेवण आणि जेवणानंतर वाद, असा आमचा क्रम. वाद म्हणजे भांडण नव्हे, रीतसर वाद. महिन्याला एक विषय, दोन बाजू, प्रत्येकाला सात मिनिटं. मतदान हात वर करून नाही. ज्याचं पटलं त्याच्या बाजूला आपली खुर्ची घेऊन जायचं. पद्धत काकांनीच घातलेली. ते म्हणायचे, "हात वर करायले काही लागत नाही. मत बदललं तर ते कमरेले समजलं पाहिजे." मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर आलेला. ऑफिसातल्या एका मित्रामागून पहिल्यांदा तिथे गेलो तो पाटवडी-रस्स्याच्या वासाने. पुढची चार वर्षं गेलो तो वादाच्या नादाने.

काका नागपूरचे. तीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते, म्हणून लॅबकाका. "अर्ध्या ईस्ट मिडलंड्सचं रक्त मी ओळखतो," ते सांगायचे, "चेहरे ओळखत नाही." लॅबमधून निवृत्त होताना सगळे घड्याळ घेऊन येतात, काका एक प्रश्न घेऊन आले: "पाहिलंस का ऐकलंस?" कुणी म्हणालं, व्हिसाचे नियम बदलणार आहेत, की काका चहाचा कप थांबवून विचारायचे, "पाहिलंस का ऐकलंस?" कुणी म्हणालं, अमक्याच्या सुनेचं सासूशी पटत नाही, तरी तोच प्रश्न. या एका प्रश्नाने त्या हॉलमधल्या निदान दोनशे अफवा जागच्या जागी मेल्या असतील. सुजाताताई, म्हणजे आमच्या रविवारच्या अध्यक्ष, स्वतः निवृत्त नर्स, एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "काका, तुम्ही असलात की माणसाला नुसतं बोलतासुद्धा येत नाही हो."

माझं मात्र काकांशी जमलं होतं, आणि ते कसं हे सांगायला हवं. थापा हा माझा पिढीजात व्यवसाय. केंब्रिजच्या नदीवर एका हंसाने माझा पासपोर्ट पळवला आणि तो परत मिळवायला मी त्याच्यामागे होडीतून तीन मैल गेलो, ही माझी गोष्ट त्या हॉलमध्ये फर्माईश करून ऐकली जायची. दर खेपेला हंस वीतभर वाढायचा. पहिल्यांदा ऐकल्यावर काकांनी विचारलंच, "हे तू पाहिलंस?" मी म्हटलं, "काका, गोष्ट आहे ती." ते खूश झाले. "मग गोष्ट म्हणून सांग ना बाप्पा. गोष्टीले माझी काही हरकत नाही. अजून एकदा सांग, तो हंस होडीत चढतो तिथून."

काकांचं एक वेड होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाही न कळणारं होतं: अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल. तो हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू घेऊन, एकमेकांच्या अंगावर कपाटासारखं कोसळत खेळतात तो. इंग्लंडला येण्याआधी काका दोन वर्षं तिथल्या एका लहानशा कॉलेजात शिकायला होते. चहूकडे मक्याची शेतं. गाव एवढं लहान की काका म्हणत, "पोस्टमन मलेच पत्ता विचारे." तिथे त्यांच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर वॉल्टर नावाचा जोडीदार होता, दारातून आडवा होऊन आत यावं लागेल असा. तो कॉलेजच्या संघात होता, पण चार वर्षं नुसता बाकावर बसून. शेवटच्या वर्षी संघाला एका बाउलचं बोलावणं आलं.

बाउल म्हणजे काय, हे काकांनी आम्हाला पाटवडीचे तुकडे मांडून समजावलं होतं. सीझन संपला की सगळ्यांत भारी संघ अजिंक्यपदासाठी बाद फेरी खेळतात, तो प्लेऑफ. आधी तिथे चारच संघ जायचे, आता बारा जातात, आणि अजून वाढवा म्हणून तिकडे रोज कुणीतरी ओरडतंच असतं. उरलेल्यांपैकी ज्यांनी बारा सामन्यांतले निदान सहा जिंकले, त्यांना कुठल्यातरी दूरच्या गावी एकच शेवटचा सामना मिळतो. पुढे काही नाही, मागे काही नाही. तो बाउल.

वॉल्टरच्या त्या बाउलला काका जाऊ शकले नाहीत. परीक्षा होती, आणि गाव दोन दिवसांच्या अंतरावर. त्यांनी तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून ऐकला. शेवटची चार मिनिटं वॉल्टरला मैदानात सोडलं. एक चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याने तो झेलला. बस, एवढंच. "पण ते लोक असे ओरडले," काका सांगायचे, "की रेडिओ शेगडीवरून सरकला." इथपर्यंत गोष्ट माझ्या तोडीची. पण माझ्याकडे बोट दाखवून ते पुढचं वाक्य कधी गाळायचे नाहीत: "मी ऐकला आहे. पाहिला नाही." पन्नास वर्षं त्यांच्या मनात ते एक भरलेलं स्टेडियम होतं, आणि ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजला नंतर बाउल मिळाले ते क्वचित. तेव्हा कधी काकांची ड्युटी होती, कधी काकूंचं आजारपण.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या कॉलेजने मोजून सहा सामने जिंकले आणि एका अगदी कोपऱ्यातल्या बाउलचं बोलावणं मिळवलं. काकांनी हॉलमध्ये बर्फी वाटली. अर्ध्या लोकांना वाटलं, मुलीचं लग्न ठरलं. मुलगी स्नेहल केंब्रिजला संशोधन करते. तिने वडिलांचं तिकीट काढून दिलं. आणि तिकिटाची घाई का होती हे हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. दर महिन्याला काकांना डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मीच गाडीने न्यायचो. मधलं दिसणं जाईल, कडेकडेचं राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती दिवसांत, विचारल्यावर ते म्हणाले होते, जे पाहायचं आहे ते या वर्षी पाहून घ्या. मी खुर्चीच्या मागे उभा होतो. हे मी ऐकलेलं नाही म्हणायची सोय मला नाही.

त्या महिन्याच्या वादाचा विषय काकांनीच दिला: बाउल बंद करून प्लेऑफ वाढवावा का? बाउलच्या बाजूने काका, प्लेऑफच्या बाजूने मी. कुणीतरी कुरकुरलं की आपल्याला यातलं काही कळत नाही. सुजाताताई म्हणाल्या, "म्हणूनच निकाल निष्पक्ष लागेल. घड्याळ सुरू."

मी सुरुवात दणक्यात केली. म्हटलं, ज्याला पुढे काही नाही अशा सामन्याला सामना म्हणायचं तर जेवणानंतर बडीशेप खाण्यालाही जेवण म्हणा. बाउलांना नावं कुणाची, तर चिप्सची आणि टायरची. मोठे खेळाडू तर येतच नाहीत. पुढे मोठ्या संघांत जायचं असतं, पाय जपतात. त्यापेक्षा प्लेऑफ वाढवा, चोवीस करा, होऊन जाऊ दे एकच खरा विजेता.

काका उभे राहिले. कागद नव्हता, कागद आता वाचता येत नव्हता. ते म्हणाले, "बारा संघांचा प्लेऑफ झाला की अकरा संघ हरून घरी जातात. चोवीसचा केला तर तेवीस. बाउलले गेलेल्यांतले अर्धे जिंकून घरी जातात. दुसरी गोष्ट. सितारे येत नाहीत, हे खरं आहे. मग त्या जागी कोण खेळतो? वॉल्टर खेळतो. आणि हे म्हणतात, पुढे काही नाही. त्या पोरांतल्या बहुतेकांले पुढे काहीच नसते रे. उद्यापासून कोणी विम्याच्या ऑफिसात, कोणी बापाच्या शेतात. एक शेवटचा सामना, लोक पाहायले आलेले, एवढंच त्यांले पाहिजे. ते काढून घेऊन तुम्ही कोणाले द्याल? ज्यांच्यापाशी सगळं आहे त्यांले?"

खुर्च्या सरकायला लागल्या. माझ्या बाजूच्या नऊ खुर्च्यांमधल्या सहा मी डोळ्यांदेखत गमावल्या. माझा ऑफिसातला मित्रसुद्धा, ज्याने मला इथे आणलं, तोही खुर्ची ओढत जाताना मला डोळा मारून गेला. एकजण म्हणाला, "हंसाला बोलवा आता मदतीला." सगळे हसले. उत्तरासाठी प्रत्येकाला एक मिनिट मिळायचं, आणि ते हसू ऐकतच मी उठलो.

मी म्हणालो, काका ज्या बाउलला निघाले आहेत तोच बाउल, त्याच गावात, मी दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाला गेलो असताना पाहिला आहे. आणि मग मी सुटलो. स्टेडियम इतकं रिकामं होतं की माइकवरचा माणूस प्रेक्षकांना नावाने हाक मारून स्वागत करत होता. माझंही केलं, आडनाव चुकवलं. बँडमध्ये माणसं जास्त, बाकांवर कमी. बाकावरची पोरं मान खाली घालून फोन पाहत बसलेली. वॉल्टर वगैरे कुणी नाही. एकाने चेंडू झेलला तेव्हा टाळी वाजली ती कॉफीवाल्याची, आणि तीही कप रिकामे झाले म्हणून. सामना संपला हे फलक बदलणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा अजून तिथेच असेल.

लोक पोट धरून हसले. खरी गोष्ट अशी की मी अमेरिकेत एकदाच गेलो आहे, पाच दिवस, ऑफिसच्या एका बिनखिडकीच्या ट्रेनिंगच्या खोलीत. स्टेडियम सोडा, मी तिथलं ऊनसुद्धा नीट पाहिलेलं नाही.

काका हसले नाहीत. त्यांनी मान किंचित तिरपी केली, कारण समोरचं माणूस आता त्यांना असं कडेनेच दिसायचं, आणि विचारलं, "पाहिलंस का ऐकलंस?"

ती गोष्ट आहे काका, एवढंच म्हणायचं होतं. दोन-तीन शब्द. ते म्हणाले असते, मग गोष्ट म्हणून सांग, आणि कदाचित पुन्हा सांगायला लावलं असतं, कॉफीवाल्यापासून. पण सहा खुर्च्या गेल्या होत्या.

"पाहिलं, काका," मी म्हणालो.

"डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी."

काका उठले. स्वतःची खुर्ची उचलली, तिच्यावर काकूंनी शिवलेली, त्या कॉलेजच्या रंगांची उशी होती, आणि हॉल ओलांडून माझ्या बाजूला भिंतीशी आणून ठेवली. वाटेत या वेळी ती सुजाताताईंच्या पायाला लागली. "पटलं," ते म्हणाले. "ज्याने पाहिलं त्याच्यापुढं ऐकणाऱ्याने कायले बोलावं." मग बाकीच्याही खुर्च्या आल्या. इतका दणदणीत विजय त्या हॉलमध्ये कुणाचा झालेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात स्नेहलचा फोन आला. तिचं मराठी इथेच जन्मलेल्या पोरांचं. "दादा, बाबाने तिकीट कॅन्सल केली. तो म्हणतो तिकडे कुणी येतच नाही. तुला माहीत आहे का काय झाला?" मी म्हटलं, विचारतो.

विचारलं नाही. चारच दिवसांनी क्लिनिकला जायचं होतं. गाडीत काका आपणहून म्हणाले, "बरं झालं तू सांगितलंस. पन्नास वर्षं मी एक भरलेलं स्टेडियम घेऊन फिरतो आहे. शेवटी शेवटी जाऊन रिकामं कायले पाहू? आहे ते राहू दे." मी तोंड उघडलं. हंसाला तीन मैल पळवणारा माणूस मी, मला शब्दांची काय कमतरता. मी म्हणालो, "काका, या वेळी पार्किंग पलीकडच्या गल्लीत मिळेल का पाहू." ही थाप आहे हे सांगितलं तर रविवारी कुणी माझ्या कुठल्याच गोष्टीला हसणार नाही, ही मला भीती होती. एवढीशी भीती. लिहितानासुद्धा ती मोठी करून सांगता येत नाही, आणि मोठं करून सांगणं तर माझा धंदा.

सामन्याच्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. तिथे दुपार, आमच्याकडे संध्याकाळचे पाच. टीव्हीसमोर दोन खुर्च्या, मध्ये चिवडा. पडद्यावर स्टेडियम उजळलं. शिगोशीग भरलं होतं असं म्हणणार नाही, ती माझी जुनी खोड होईल. पण माणसं होती, भरपूर होती. त्या उशीच्या रंगांचे कोट घातलेली म्हातारी माणसं, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, त्याच रंगांनी गाल रंगवलेल्या मुली.

काकांना मधोमध नुसता डाग दिसत होता. ते म्हणाले, "सांग रे. लोक आहेत का?"

"आहेत," मी म्हणालो. "विरळ."

थोड्या वेळाने त्यांच्या संघाने काहीतरी केलं आणि टीव्ही गर्जला. काकांनी मान वळवली, डोळा नाही, कान टीव्हीकडे केला. "आवाज तर भरपूर येतो आहे."

"स्पीकरवर लावतात काका. टीव्हीसाठी."

त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्यांचं कॉलेज जिंकलं, घरी जिंकून जाणाऱ्या अर्ध्यांत आलं. काकांनी एक टाळी वाजवली, एकच. मग म्हणाले, "चिवडा घरी घेऊन जा. मी एकटा किती खाणार."

पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत त्यांचं मधलं दिसणं पुरतं गेलं. रविवारी ते यायचे, पण वादात बोलत नसत, आणि त्यांची उशीची खुर्ची माझ्या बाजूला भिंतीशी होती तिथेच राहिली. विषय बदलत गेले, बाकीच्या खुर्च्या इकडून तिकडे फिरत राहिल्या, ती हलली नाही. लोकांना वाटलं, त्यांना तिथे हीटर जवळ पडतो.

गेल्या वसंतात स्नेहल त्यांना केंब्रिजला न्यायला आली. निरोपाची पाटवडी झाली, भाषणं झाली. सुजाताताई रडल्या आणि चष्म्याला दोष देत राहिल्या. काका उठले आणि अंदाजाने माझ्या दिशेला वळले.

"ये रे इकडे. माझी खुर्ची उचल."

"कुठे नेऊ, काका?"

"पलीकडे. खिडकीपाशी. आधी होती तिथं."

सुजाताताई म्हणाल्या, "काका, आज वाद नाही आहे हो."

"हौ. एक जुना राहिला आहे. मी चुकून उठलो होतो."

मी ती खुर्ची उचलली. एका हातात खुर्ची, दुसऱ्या दंडाला धरलेले काका, अशी आम्ही हॉलची रुंदी ओलांडली. मध्यावर ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तो आवाज मी ओळखतो ना. पन्नास वर्षं ऐकतो आहे." दोन पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "जड आहे ना?"

"आहे, काका."

"हौ," ते म्हणाले, आणि बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची जुन्या जागेवर माया. पद्धतीप्रमाणे तेव्हा मीही माझी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी न्यायला हवी होती, आणि का नेली ते सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मी जागचा हललो नाही. मग गाडी आली आणि ते गेले.

सुजाताताईंनी आमच्या वार्षिक अंकासाठी काकांवर लिहायला मलाच सांगितलं, कारण मी रंगवून लिहितो. अंक केंब्रिजला जाईल. स्नेहल हल्ली वडिलांना मराठी वाचून दाखवायचा प्रयत्न करते, म्हणजे काका हे पाहणार नाहीत, ऐकतील. हॉलमधल्या मंडळींनी मात्र नीट पाहून घ्यावं. जोडाक्षरांपाशी तिची गाडी अडते, म्हणून शेवटचं वाक्य सोपं ठेवतो. काका, मी तो बाउल पाहिला नाही.